मांजराची बशी

बार्बुर्काच्या दिवशी लिपिनी या खाणीच्या गावात कोंबड्याच्या आधी तुतारी आरवते. खाण बंद पडून चौदा वर्षं झाली, पण डिसेंबरच्या चार तारखेला, संत बार्बराच्या सणाला, सकाळी सहाच्या ठोक्याला लाल पिसांच्या टोप्या घातलेला बँड विटांच्या चाळींमधून वाजत जातो आणि पेन्शनीत निघालेले खाणकामगार खिडक्या उघडून थंडीत नुसत्या बनियनवर उभे राहतात.

सबिना त्या तुतारीनं जागी झाली नाही, कारण ती झोपलीच नव्हती. हेल्काला दाढ येत होती. चौदा महिन्यांची ती पोर रात्रभर आईचं बोट चावत होती, आणि आता कुठे तिच्या खांद्यावर लाळ गाळत पेंगुळली होती. तिला तसंच एका हातानं धरून सबिना खानावळीच्या मागच्या कोठीत उभी होती आणि दुसऱ्या हातानं क्लुस्की वळत होती. बटाट्याचे ते गुळगुळीत, पांढरे गोळे. दोनशे वीस हवे होते. एकशे ऐंशी झाले होते.

हे तिचं चोरीचं काम होतं. ऑगस्टपासूनचं.

'त्रुदाकडे' अशी पाटी लावलेल्या या खानावळीत क्लुस्की फक्त सासूनं, त्रुदानं करायचे, हा नियम सबिनाच्या नवऱ्याच्या, एवाल्डच्या जन्माआधीचा. उकडलेला बटाटा पातेल्यात सपाट थापायचा, सुरीनं वर क्रूस काढून चार भाग करायचे, एक भाग उचलून बशीत ठेवायचा आणि त्या रिकाम्या खड्ड्यात बटाट्याचं सत्त्व, ते पांढरं पीठ, काठोकाठ भरायचं. मग बशीतला भाग परत घालून, अंडं फोडून सगळं मळायचं. तराजू नाही, वाटी नाही. शेवटी प्रत्येक गोळ्याच्या पोटात अंगठ्यानं खळगा पाडायचा, मांसाचा रस्सा त्यात थांबावा म्हणून.

सून होऊन सबिनाला आठ वर्षं झाली. त्यात तिनं बटाटे सोलले, ढीगच्या ढीग सोलले. गोळ्याला हात लावायची मुभा नव्हती. ती पडली दूरच्या राडोमची, आणि नदीपलीकडून आलेला प्रत्येक माणूस त्रुदाच्या लेखी गोरोल, म्हणजे उपरा. "गोरोलच्या हाताला क्लुस्की चिकटतात," त्रुदा म्हणायची. "त्यांनाही कळतं ना!"

मग ऑगस्टमधल्या एका रविवारी त्रुदा बशीतला चौथा भाग परत घालायचा विसरली. तेवढ्याच बटाट्यात सत्त्व जास्त झालं आणि गोळे टणक झाले, नुसतं रबर. कोपऱ्यातल्या टेबलावरचा म्हातारा आल्फोन्स म्हणाला, "त्रुदा, हे खायचे, की यांनी मॅच खेळायची?" सगळे हसले. त्रुदाही हसली. पण नंतर सबिना कोठीत गेली तर सासू फळीकडे तोंड करून उभी होती. हातात काही नव्हतं, काही शोधतही नव्हती. नुसती उभी.

दुसऱ्या दिवसापासून सबिना पहाटे उठू लागली. कोठीत गुपचूप आपले गोळे करायचे, ओल्या पंचाखाली झाकून ठेवायचे. नऊला त्रुदा आपले करायची. अकराला ती पाठ टेकायला गेली की अदलाबदल. त्रुदाचे गोळे सालींच्या बादलीत, आल्फोन्सच्या कोंबड्यांसाठी. एकच अडचण होती, अंगठ्याची. एकोणिसाव्या वर्षी कोळसा निवडायच्या पट्ट्यावर त्रुदाचा अंगठा सापडला आणि वाकडा जुळला, म्हणून तिचा खळगा तिरपा पडायचा, अर्ध्या चंद्रासारखा. सबिनानं त्यावरही तोड काढली होती. लाकडी चमच्याचा दांडा तिरपा धरायचा आणि दाबायचा.

"आज सणाच्या दिवशीही?"

ती दचकली. दारात एवाल्ड होता. बसची रात्रपाळी संपवून आलेला, टोपीसुद्धा न काढलेला.

"जास्तीचे करतेय. खाणीतले अकरा जण जेवायला यायचेत," ती म्हणाली.

त्यानं गोळ्यांकडे नीट पाहिलंही नाही. भिंतीला टेकला. "सबिना, मी रोझीला हो म्हणालो." रोझी म्हणजे त्याची बहीण, रोझविता.

"कशाला?"

"डॉर्टमुंडला तिच्या घराजवळ नन्सचा वृद्धाश्रम आहे. तिथं एक जागा रिकामी झालीय. सोमवारी कळवायचंय. रोझी म्हणते, आज आईला तिच्यासमोर एकटीनं स्वयंपाक करू दे. क्लुस्की नीट झाले तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाले तर आई तिच्याबरोबर जाईल."

"आणि तू हो म्हणालास."

"मग काय करू? मागच्या आठवड्यात गॅस चालू राहिला. त्याआधी ती झोपायच्या कपड्यांत ट्रामच्या थांब्यावर. तू आरशात बघितलंयस स्वतःला? मी तुझ्यासाठीच..."

"माझ्या नावावर खपवू नकोस," सबिना हळूच म्हणाली. हेल्का जागी होईल म्हणून भांडणसुद्धा कुजबुजत करायची सवय लागली होती. "मी मागितलं होतं का?"

"मागत नाहीस, तेच तर. तू काही मागतच नाहीस." तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "कॉफी आहे?"

"गार."

"चालेल."

आठ वाजता रोझविता वरच्या मजल्यावरून खाली आली, ती बाह्या सरसावूनच. सबिनाची नणंद. तीस वर्षांपूर्वी जर्मनीला गेली ती सणासुदीला येणारी. तिनं सबिनाच्या खांद्यावरून हेल्काला उचललं, सबिनाला खुर्चीत बसवलं आणि मागून शाल टाकली.

"आज तू फक्त बसायचं. ऐकतेस ना? काय दशा झालीय तुझी! दोन वर्षं मी माझ्या सासूचं, डीटरच्या आईचं केलं, मला सांगू नकोस. माणूस आतून पोखरून निघतो आणि वर सगळ्यांना म्हणतो, मजेत आहे."

सासरी आल्यापासून कुणी सबिनाला असं खुर्चीत बसवलं नव्हतं, आणि बसवलं ते आज.

नऊला त्रुदा आली. स्वच्छ एप्रन, केस चापून बसवलेले. ऐंशीला दोन कमी, पण चालताना अजून वाटेतल्या खुर्च्या तिलाच वाट देतात असं वाटायचं. तिनं लेकीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"गोरोल बसलीय? आजारी आहे का?"

"तिला विश्रांती दिलीय, आई. आज मी तुझ्याजवळ थांबते."

"थांब. फक्त मध्ये मध्ये हात घालू नकोस."

बटाटा थापला गेला. क्रूस निघाला. चौथा भाग बशीत गेला, खड्ड्यात सत्त्व पडलं, वरून त्रुदानं हाताच्या कडेनं सपाट केलं. इतकं नेटकं, की सबिनाला वाटलं आज देवच पावतोय. आणि नेमकी तेव्हाच रोझविता बोलू लागली. डीटरच्या गुडघ्याबद्दल, आश्रमातल्या बागेबद्दल. तिथल्या स्वयंपाकघरात म्हणे बायका स्वतःच्या हातानं केकसुद्धा करतात. त्रुदा हं हं म्हणत राहिली. अंडं फुटलं. हात पातेल्यात गेले. बशी टेबलाच्या कडेला तशीच राहिली.

रोझविताचंच लक्ष गेलं. "आई, हा बटाटा उरला का?"

त्रुदाचे हात थांबले. तिनं बशीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"तो मांजराला," ती म्हणाली.

"अजून लाड चालू आहेत का त्याचे!" रोझविता हसली आणि बशी उचलून दाराशी जमिनीवर ठेवून आली.

मांजर मरून पाच वर्षं झाली होती. एवाल्डनं ते अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाखाली पुरलं होतं. हे रोझविताला कुणी कळवलं नव्हतं. मांजराचं कोण कळवतं? खोलीत ते फक्त सबिनाला ठाऊक होतं.

अकराला त्रुदा पाठ टेकायला गेली. रोझविता हेल्काला घेऊन बाहेरच्या खोलीत टेबलांवर देवदाराच्या डहाळ्या मांडू लागली. स्वयंपाकघरात उरली सबिना आणि परातीतले दोनशे वीस गोळे; तेवढेच कोठीत, ओल्या पंचाखाली.

तिनं त्रुदाचा एक उचलून दाबला. बोट आत जाईना. पण रांगा पाहाव्यात तर काय सुरेख! अकरा अकराच्या, एकसारख्या, प्रत्येकाच्या पोटात तिरपा चंद्र. पाणी उकळत होतं.

एकदा होऊ दे की, तिच्या मनात आलं. मी काहीच केलं नाही, तर मी काही वाईट केलं असं होत नाही. तास-दीड तासात ठरेल. सोमवारी कळवतील, नाताळच्या आत सामान बांधलं जाईल, आणि जानेवारीत मी झोपेन. सलग झोपेन. झोपेचा विचार तिला असा भूल घालून गेला, की ती चुलीसमोर उभ्या उभ्या डुलली आणि वाफेच्या चटक्यानं भानावर आली.

मग तिनं कोठीतली परात आणली आणि आपले गोळे पाण्यात सोडले. त्यात फार काही मोठेपणा नव्हता. थकलेल्या माणसाचे हात सवयीच्याच वाटेनं जातात. तिचे हात ऑगस्टपासून याच वाटेनं जात होते.

बाराला अकरा म्हातारे आले. गेल्या वर्षी चौदा होते. काळा गणवेश, पितळी बटणं. काळ्या पिसांच्या टोप्या त्यांनी खिडकीत ओळीनं ठेवल्या, कावळे बसावेत तशा. बार्बराच्या तसबिरीखाली एक छोटा पेला झाला, गेलेल्यांसाठी दुसरा झाला. शेवयांचं सूप आलं आणि गेलं. मग लोणच्याची काकडी नि राई घालून गुंडाळलेलं मांस, जांभळा कोबी, आणि वाफाळते क्लुस्की. खोलीत फक्त काट्यांचा आवाज उरला.

रोझविता आईशेजारी बसली होती. तिनं एक गोळा अर्धा केला, रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिली.

"तेच," ती म्हणाली. "एवाल्ड, अगदी तेच. तिकडे मी पाकिटातले आणते, डीटर म्हणतो छान आहेत. त्याला काय कळतंय!" नाक पुसून ती भावाकडे वळली. "सोमवारी मी नन्सना नको म्हणून कळवते. शब्द दिला होता ना."

एवाल्डनं सुस्कारा सोडला. सबिना दाराला टेकून उभी होती.

तेवढ्यात त्रुदानं आपल्या ताटातला एक गोळा बोटांनी उचलला. रस्सा निथळू दिला. मग आपला वाकडा अंगठा तिनं त्या खळग्यात ठेवला, किल्ली कुलपात घालून पाहावी तसा. बसला नाही. फिरवून पाहिला. तरी बसला नाही.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"आई, माझ्यासमोर तर केलेस," रोझविता म्हणाली.

"तुझ्यासमोर केले ते वेगळे. हा खळगा लाकडानं पाडलाय." तिनं मान वर केली. "गोरोल, इकडे ये."

सबिना पुढे आली. अकराही म्हातारे ताटात बघू लागले.

"ऑगस्टपासून तुझे खातेय मी. चमच्याच्या दांड्यानं पाडतेस ना?"

"हो, आई."

"बटाटे कुठे ठेवले ते विसरते मी. गॅस विसरते. परवा तुझ्या पोरीचं नाव अर्धा तास आठवत बसले होते. पण हा अंगठा साठ वर्षं डोळ्यांसमोर आहे माझ्या. तो कुठे गेला नि कुठे नाही गेला, एवढं कळतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? चोराला मधेच हटकलं तर हातातलं टाकून पळतो." त्रुदानं गोळा परत ताटात ठेवला. "तू पळाली असतीस तर?"

रोझविता सबिनावर पेटली.

"म्हणजे तू मला फसवत होतीस? चार महिने? मी दर रविवारी फोनवर विचारायचे, आई कशी आहे. तू म्हणायचीस, मजेत."

"त्या मजेतच होत्या," सबिना म्हणाली. "मी नव्हते."

एवाल्डनं बायकोकडे असं पाहिलं, जसं आज पहाटे कोठीत पाहायला हवं होतं.

"आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगतो," कोपऱ्यातून आल्फोन्स म्हणाला. "माझ्या कोंबड्या. ऑगस्टपासून त्या इतक्या जाड झाल्यात, की दांडीवर चढवत नाही त्यांना. सालींच्या बादलीत रोज क्लुस्की. तिरप्या अंगठ्याचे. मी म्हटलं, आल्फोन्स, गप्प बस, ज्यानं त्यानं आपापल्या कोंबड्या मोजाव्यात."

"तुम्हालाही माहीत होतं?" रोझविता म्हणाली.

"ताई, हे लिपिनी आहे. इथं माहीत सगळ्यांना असतं. फक्त कुणी कुणाला सांगत नाही."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकला काढला. त्रुदानं हात वर केला.

"अट होती मी एकटीनं करायची. हो, ऐकलंय मी. भिंत विटेची आहे, माझे कान नाहीत. एकटीनं केले, नि हरले. अट ती अट. नेणार असलीस तर ने."

तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, ट्रामचं वेळापत्रक सांगावं तसं. पण टेबलाखाली तिचा वाकडा अंगठा एप्रनचं टोक घट्ट गुंडाळत होता, आणि सबिना उभी होती तिथून ते दिसत होतं.

रोझविता उठली. तरातरा स्वयंपाकघरात गेली. पाच-सात मिनिटं कुणी जेवलं नाही. आली ती हातात बशी घेऊन, बशीत आईचे दोन गोळे, आत्ताच उकडलेले. उभ्यानंच एक तोंडात घातला. चावला, चावला, चावतच राहिली. डोळ्यांतून पाणी ओघळू लागलं तरी चावणं संपेना.

"आई," शेवटी ती म्हणाली, "हे रबर आहे गं."

"माहितीये."

"मग मी काय करू? सांग ना कुणीतरी, मी काय करायचं ते?"

"मला झोप हवी," सबिना म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिलाही आपलाच आवाज नवा वाटला. आठ वर्षांत तिनं या घरात काही मागितलं असेल तर मीठ.

"मला झोप हवीये, रोझी. पण आईंना नेऊन मिळणारी नको. तशी आलीच नाही तर? पहाटे चारला उठून बसायची सवय लागलीय मला, नुसती बसून काय करू? तुला आईची इतकी काळजी आहे तर राहा इथं. ईस्टरपर्यंत राहा. डीटर गुडघा घेऊन चार महिने पाकिटातले खाईल."

"मी? इथं?" रोझविताचं तोंड उघडंच राहिलं. तिनं एवाल्डकडे पाहिलं. एवाल्ड म्हणाला, "वरची खोली एरवी रिकामीच असते," आणि पहिल्यांदाच त्या दिवशी कुणाची बाजू घेऊन उभा राहिला, म्हणजे बायकोजवळ येऊन, खरोखरच.

रोझविता खाली बसली. किती वेळ ती हातातल्या दुसऱ्या गोळ्याच्या खळग्यात आपलं बोट फिरवत होती. तिच्या घरी डीटर होता, दोन कुंड्या होत्या आणि सासूच्या मरणानंतर रिकामी झालेली एक खोली होती. एकाएकी ती फार थकलेली दिसली, सबिनाइतकी.

"मला क्लुस्की येत नाहीत," ती पुटपुटली.

"तुला कधीच येत नव्हते," त्रुदा म्हणाली. "तू बटाटे सोल."

अकराच्या अकरा म्हातारे हसले. त्या हशात रोझविताही सापडली, नाक पुसत, हुंदके देत. "सोमवारी सांगते त्यांना, नको म्हणून," ती म्हणाली. "यंदा नको." यंदा एवढाच शब्द होता, पण त्या खोलीत त्याहून लांबचं कुणी मागतही नव्हतं.

"आणि ते रबरी?" आल्फोन्सनं विचारलं. "उभे काप करून लोण्यात परतले तर जमतील. नाहीतर कोंबड्या उपाशी राहायच्या."

"परता," त्रुदा म्हणाली. "पण कोंबड्यांना नाही. इथं आणा."

दुसऱ्या दिवशी सबिना उठली तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं आणि हेल्का शेजारी नव्हती. ती धडपडत खाली आली. हेल्का टेबलाखाली बसून रिकामं पातेलं बडवत होती. रोझविता बादलीवर वाकून बटाटे सोलत होती, जाड जाड सालं काढत, आणि त्रुदा खुर्चीत बसून तिला सांगत होती की या हिशेबानं कोंबड्या बटाटा खातील नि गिऱ्हाइकं सालं.

सबिनानं एप्रन बांधला. कोठीत न जाता, सगळ्यांसमोर, मोठ्या टेबलावर तिनं बटाटा थापला. क्रूस काढला. एक भाग बशीत ठेवला, सत्त्व भरलं, बशीतला भाग परत घालून मळलं. पहिला गोळा वळला आणि सवयीनं हात चमच्याकडे गेला.

"ते ठेव खाली," त्रुदा म्हणाली. "स्वतःचं बोट घाल."

सबिनानं अंगठा दाबला. खळगा सरळ पडला, गोल, साधा. त्रुदानं वाकून पाहिला आणि पुढच्या गोळ्याकडे बोट केलं. बरा असावा.

"चौथा भाग परत घातलास?"

"घातला, आई."

रांग पुढे सरकली. सहा, सात, आठ.

"गोरोल, चौथा भाग परत घातलास ना?"

"घातला, आई."

रोझविताचा सोलायचा हात थांबला. तिनं सबिनाकडे पाहिलं. सबिना गोळे वळतच होती. हे आता रोज विचारलं जाणार, दिवसाला दहादा, वीसदा, आणि एक दिवस विचारायचंही थांबेल. तोवर उत्तर सोपं होतं.

"घातलास का?"

"घातला, आई."

त्रुदानं मान हलवली. समाधान झाल्यासारखी मागे टेकली. मग तिची नजर टेबलाच्या कडेला गेली, धुवून पालथी घातलेल्या बशीवर.

"आणि मांजराला?"

सोलणं पूर्ण थांबलं; मांजराचं रोझविताला काल रात्री एवाल्डनं सांगितलं होतं. बाहेर आलुबुखाराच्या झाडावर एक कबुतर बसलं होतं. सबिनानं पातेल्यातून चिमूटभर काढलं, बशी सुलटी केली आणि ती चिमूट बशीच्या मधोमध ठेवली.

"ठेवलंय, आई," ती म्हणाली आणि बशी दाराशी ठेवून आली.